कॅटलॉग पाहावा आवडीने

मुंबईतल्या काळा घोड्याच्या कलादालनांत हल्ली छपाईकलेचे भाग्य फळफळले आहे. ३०० जीएसएमचे निमंत्रणपत्र, त्यावर मॅट लॅमिनेशन आणि चित्रकाराच्या नावापुरते स्पॉट यूव्ही; अंधारातही बोटाला नाव लागावे. कॅटलॉगमधला निळा तर चित्रातल्या निळ्याहून सरस, कारण छापखान्यात निदान प्रूफ तपासतात. १९५२ साली इथले जहांगीर कलादालन उघडले तेव्हाही भिंतीवर चित्रे टांगण्याची रूढी होती. ती आता मोडावी, कॅटलॉगच टांगावेत. वाहतूक वाचेल, विमा वाचेल, चित्रकाराची चित्र काढण्याच्या कटकटीतून सुटका होईल. समीक्षकांचेही अडणार नाही. त्यांचा भारावलेला अभिप्राय प्रदर्शन लागण्यापूर्वीच पहिल्या पानावर छापून तयार असतो. रसिकांनी येताना चष्मा विसरला तरी चालेल, पिशवी मात्र आठवणीने आणावी.