पोटात स्फोट झालेला बाहुला

माणसाला नकोसं चित्र दाखवायचं आणि त्याच्या तळहाताला किती घाम फुटतो ते मोजायचं, असा एक रीतसर शास्त्रीय उद्योग आहे. फ्लोरिडा विद्यापीठात पीटर लँग आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी छायाचित्रांचा मोठा संग्रहच जमवला. त्यात फुलं, बाळं आणि सापांच्या पंगतीला जखमा आणि शस्त्रक्रियाही आहेत. चित्र बघून झालं की कागदावरच्या बाहुल्यांपैकी आपल्यासारखा बाहुला निवडायचा. पहिल्या ओळीत तो हसऱ्याचा रडवा होतो. दुसऱ्या ओळीत पेंगुळलेला बाहुला वाढत वाढत पोटात स्फोट झाल्यासारखा दिसू लागतो. तिसरी ओळ ताब्याची. परिस्थिती हाताबाहेर गेली असेल तर बाहुला एवढुसा, मुठीत असेल तर चौकटीत न मावणारा. प्रत्येक ओळीला १ ते ९ गुण.

भयंकर चित्र दिसलं की छाती धडधडेल असं आपल्याला वाटतं. प्रयोगशाळेत मात्र ठोके आधी मंदावतात. शरीर म्हणतं, थांब, जरा नीट बघू दे! म्हणजे अपघाताभोवती जमणारी आपली गर्दी शास्त्राला धरूनच असते.

हे सगळं मान्य, पण या मोजपट्टीत आपल्या लोकांची मुख्य भावनाच नाही. ती म्हणजे सल्ला.

सरकारने १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याला दिला. हेतू असा की गिऱ्हाईक दचकावं. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर एक गृहस्थ डाव्या तळव्यावर तंबाखू मळता मळता पाकिटावरचा सडलेला जबडा निरखत होते. चुना लावला, दोनदा थाप मारली, चिमूट ओठाखाली सरकवली आणि शेजाऱ्याला म्हणाले, "यानं चुना जास्त घेतला असणार. प्रमाण पाहिजे माणसाला." घाम शून्य, सल्ला ९.

घरी तर विचारूच नका. मावशीच्या गुडघ्याचा एक्स-रे आला तेव्हा काकांनी तो ट्यूबलाइटकडे धरला. आधी उलटा, मग आडवा. त्या निळसर काळ्या फिल्मवर दोन हाडं दिसत होती आणि मधे फट जवळजवळ नव्हतीच. काका बराच वेळ 'हं' म्हणत राहिले. मग म्हणाले, "गादी झिजलीय. मेथ्या भिजवून खा, आणि ऑपरेशनच्या भानगडीत पडू नकोस." शेजारच्या काकूंनी एका डॉक्टरांचं नाव सुचवलं, त्यांच्या सुनेने दुसऱ्यांचं, तर दूधवाल्याने थेट मिरजेचं. मावशीचं दुखणं होतं तिथेच राहिलं, पण घराला एकदम चैतन्य आलं.

तिसऱ्या ओळीचं मर्म मला तिथे कळलं. दुसऱ्याची फिल्म हातात असली की माणूस चौकटीत मावत नाही. तोच काकांची स्वतःची अँजिओग्राफी झाली. सीडी पाकिटात बंद, पाकीट कपाटात आणि कपाटाला कुलूप. मी म्हटलं, "काका, बघू या ना." बाहुला एवढुसा झाला. "अरे, आता सीडी लावायला मशीन कुठं असतं कुणाकडे?"

मावशी गुडघा धरत उठली. "माझ्या भाच्याकडं आहे की," ती म्हणाली. "रविवारी सगळ्यांना जेवायलाच बोलावते."