लाखाचे स्पीकर आणि हेडफोनचं भोक

दीड-दोन लाखांचे स्पीकर आणले, त्यांना साजेसा अँप घेतला, दिवाणखान्यातला सोफा सरकवून जागा केली. आणि गाणं येतं कुठून? लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून, साडेतीन मिलिमीटरच्या पिनेने. घरोघरी हेच पाहतो आणि राग येतो. पैशांवरून नाही, पैसे ज्याचे त्याला. राग येतो तो तानपुऱ्याच्या वतीने. जवारी जुळेपर्यंत गायक गायला सुरुवात करत नाही. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने ती जवारी जीव लावून टिपलेली असते. ती मरते तुमच्या घरात, शेवटच्या चार फुटांत.

लॅपटॉपच्या त्या भोकामागचं सर्किट प्रोसेसर, पंखा आणि वायफाय यांच्या शेजारात बसलेलं असतं. फाइलमधल्या आकड्यांचा आवाज होतो तो त्या गजबजाटात. कित्येक लॅपटॉपांवर माउस हलवला की स्पीकरमधून बारीक चरचर ऐकू येते, ती इथली. म्हणून हे काम लॅपटॉपच्या बाहेर न्यायचं. त्यासाठी डॅक नावाची डबी मिळते. एका बाजूने यूएसबी, दुसऱ्या बाजूने दोन आरसीए वायरी, आणि त्या अँपच्या ‘सीडी’ किंवा ‘ऑक्स’मध्ये. ‘फोनो’ मोकळं दिसलं म्हणून तिथे खुपसू नका. ते रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलिव्होल्टांसाठी आहे, आणि खर्ज मुद्दाम वाढवून वरचे सूर दाबतं. डॅकमधून साधारण दोन व्होल्ट येतात. फोनोत ते घातले की आवाज फाटतो आणि घुमतो.

डॅक महाग हवा असं कुणी सांगितलं तर दुकान बदला. अ‍ॅपलचं टाइप-सीला लावायचं बोटभर अडॅप्टर, ज्याला लोक नुसती वायर समजतात, तेही डॅकच आहे आणि मोजमापात चोख उतरतं. त्याच्या पुढच्या पैशांत मिळतात ती चांगली सॉकेटं, जास्त इनपुट आणि दणकट पेटी. ती जरूर घ्या, पण काय घेतो आहोत ते कळून घ्या.

आता हमिंग. या विषयातलं सगळ्यात मोठं दुखणं हेच आहे, आणि यावर दिला जाणारा सल्ला सगळ्यात घातक. लॅपटॉप अँपला जोडला की ‘घूंऽऽ’ असा अखंड आवाज सुरू होतो. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ. तो सूर आणि त्याची १०० हर्ट्झची दुप्पट बरोबर खर्जाच्या मुलखात येऊन बसतात. विलंबित ख्यालात, गायक षड्जावर थांबलेला असताना, खाली हा परका षड्ज चालू राहतो. कान थकतो आणि का थकला ते कळत नाही. कारण बहुधा एकच असतं. लॅपटॉपचा चार्जर एका बोर्डवर आणि अँप दुसऱ्यावर, त्यामुळे अर्थिंगला दोन वाटा मिळतात आणि सिग्नलच्या वायरीतून नको तो प्रवाह फिरतो. खात्री करायला चार्जर काढा. हमिंग थांबलं तर चोर सापडला.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘अर्थिंगची पिन काढून टाका.’ हा सल्ला देणाऱ्याला पुन्हा घरात घेऊ नका. ती पिन जिवासाठी आहे. अँपच्या धातूच्या पेटीत कधी वीज उतरली तर मधे तीच उभी असते. खरे उपाय सोपे आहेत. दोन्ही उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावा. ऐकताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. किंवा यूएसबीवरून ऑप्टिकल सिग्नल काढून देणारी डबी घ्या आणि डॅकपर्यंत ऑप्टिकल केबल न्या. तिच्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे ही घूं तिथेच तुटते.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक. विंडोज सगळे आवाज एकत्र कालवून पुढे पाठवतं. सीडीचं गाणं ४४.१ किलोहर्ट्झचं आणि सेटिंग ४८ चं असेल तर रूपांतरही करतं. त्या रूपांतराचा फरक बारीक आहे, त्यावर फार रक्त आटवू नये. पण आलापीच्या मध्यात मेल आल्याची ‘टुंग’ पूर्ण आवाजात स्पीकरमधून फुटते, ते अक्षम्य आहे. गाणं वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक्सक्लुझिव्ह मोड चालू करा, म्हणजे डॅक फक्त गाण्याचा होतो. लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण वर ठेवा आणि कमी-जास्त अँपच्या खुंटीवर करा.

ब्लूटूथचा विषय एका आकड्यात संपतो. सीडीवरून सेकंदाला १४११ किलोबिट येतात, ब्लूटूथचा सर्रास वापरला जाणारा एसबीसी प्रकार साधारण ३२८ पोचवतो. स्वयंपाक करताना ठीक आहे. समोर बसून ऐकायचं तर वायर लावा.

दुसऱ्या टोकाला आहेत २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचे भक्त. २००७ साली मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला. उच्च दर्जाचं मुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा सीडीच्या दर्जावर उतरवून, कुठलं कुठलं ते न सांगता ऐकवलं. ५५४ खेपांत उत्तर बरोबर आलं २७६ वेळा. नाणं उडवूनही इतकंच जमतं. आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्यांवर जे उमटलंच नाही, ते १९२ किलोहर्ट्झच्या फाइलमध्ये येणार कुठून? मुद्रण चांगलं शोधा. फाइल सीडीच्या दर्जाची असली की पुरे.

राहिली यूएसबी केबल. हजारो रुपयांची केबल ‘उबदार’ वाजते, असं सांगून विकतात. केबलमधून जातात ते आकडे. ते चुकले तर टकटक ऐकू येईल, आवाज मधेच तुटेल. आकडे चुकल्याने आवाजाला ऊब येत नाही किंवा जात नाही. पाच मीटरच्या आतली साधी, धड केबल घ्या. उरलेल्या पैशांत खोलीला जाड पडदे आणि गालिचा आणा, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढा. फरक त्याच संध्याकाळी ऐकू येईल.

तरीही लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत कुणी महागडी केबल पुढे केलीच, तर एवढी एकच अट घाला. कुठली केबल लावली आहे ते न सांगता दहा वेळा ऐकव. तो तयार झाला नाही, तर पाकीट खिशातच राहू द्या.