अंकली पुलापलीकडचे सर

सांगलीत नाव काढायचं तर रस्ते दोनच, आखाडा नाहीतर क्रिकेट. विजय हजारे इथे जन्मले, स्मृती मानधना इथे वाढली आणि कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता एशियाडमधून कुस्तीचं सुवर्णपदक घेऊन आले. त्याच जकार्तात भारतीय फुटबॉल संघानं दक्षिण कोरियाला २-१ हरवून सुवर्ण मिळवलं, हे गावात एकाच माणसाला तोंडपाठ आहे. ते आमचे सर.

सर एके काळी भारताकडून फुटबॉल खेळले. किती सामने, हे विचारायचं नसतं. विचारलंच, तर ते जिथे खेळले त्या देशातल्या थंडीचं वर्णन सुरू करतात. तेव्हाचा निळा ब्लेझर ते मे महिन्यातल्या लग्नांनाही घालतात. शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांची ओळख करून देणाऱ्या बाई त्यांना दर वर्षी नवा खेळ बहाल करतात. गेल्या वर्षी खो-खो, यंदा व्हॉलीबॉल. सर उठून नमस्कार करतात. ‘आंतरराष्ट्रीय’ एवढं बरोबर आलं की त्यांचं भागतं.

रविवारी मात्र कोल्हापूरच्या एस.टी.नं अंकलीचा पूल ओलांडला की सर ताठ होतात. जयसिंगपुरात कुणीतरी ओळखीचं हसतं, हातकणंगल्यात बसायला जागा देतं आणि शाहू स्टेडियमच्या दारात तर ‘ए, सर आले रे!’ असा गलका होतो. पाटाकडील आणि खंडोबा तालमींची फुटबॉलची लढत असली की त्या गावात दुसरा विषय नसतो. चहावालासुद्धा ऑफसाइड उलगडून सांगतो आणि सरांकडून पैसे घेत नाही. संध्याकाळी परतीच्या गाडीत सर पुन्हा उभे. जिल्हाबंदी झालेली एवढी कीर्ती मी दुसरी पाहिली नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. स्वतः भारताकडून खेळलेले, २०१७ ला ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून देणारे. गोव्याच्या सॅव्हियो मेदेरांनंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या खुर्चीवर बसला, म्हणून सरांनी गल्लीत पेढे वाटले. लोकांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, “मुलाचं जमलं वाटतं?”

सर शिकवतात मात्र अस्सल. मैदानाच्या तीन बाजू क्रिकेटवाल्यांच्या, उरलेल्या कोपऱ्यात चपलांचे गोल. “मारायला कुणीबी मारतंय, आधी बॉल थांबवायला शिक,” हे वाक्य पोरांना झोपेतही ऐकू येतं. डाव्या पायानं पास देता येईपर्यंत सर कुणाला गोलकडे फिरकू देत नाहीत. कडेला एखादे वडील घड्याळ बघत उभे असतात. सराव संपला की हळूच जवळ येऊन म्हणतात, “सर, ह्याचे धाव्वीला ग्रेस मार्क किती मिळतील?”

तेव्हा पोराला खुशाल पाठवा. फी उशिरा दिलीत तरी चालेल. तेवढं मार्कांचं विचारू नका.