मामांचा बैल आणि माझा मीटर

सोलापूरहून अक्कलकोटला निघालं की वाटेत वळसंग लागतं. तिथं माझे मामा असतात. हा पट्टा कर्नाटकाला चिकटलेला, त्यामुळं इथला बैलांचा सण श्रावणातल्या पोळ्याची वाट बघत नाही. ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी होते. नवा डिजिटल कॅमेरा गळ्यात अडकवून मी त्या दिवशी हजर झालो आणि फोटो मीच काढणार असं जाहीर केलं. तसं कुणी म्हटलं नव्हतं.

मामांचा बैल खिलार. सकाळी साबण लावून, काथ्यानं घासून त्याला धुतलेला. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळ. दुपारच्या उन्हात बघवेना इतका पांढरा. मी डोकं चालवलं: ऊन रणरणतंय, बैल पांढराफेक, म्हणजे उजेड फार झाला. एक्स्पोजरची चकती उणेकडे फिरवली. शेजारी पंढरपुरी म्हैस बांधलेली, काळीकुट्ट. तिच्यासाठी अर्थातच अधिककडे. उन्हात पडदा दिसेना म्हणून डोक्यावर पोतं घेतलं. त्या अंधारात पडदा असा झळकला, की मला माझंच कौतुक वाटलं.

संध्याकाळी मामांनी फोटो बघितला.

"ही म्हैस कुणाची बे?"

"मामा, हा आपला बैल."

मामी पुढच्या फोटोवर थांबल्या. "अव्वा! म्हशीला पीठ कुणी फासलं?"

रात्री कॅमेऱ्याचं पुस्तक काढलं. ते आधी वाचायचं असतं, पण आमच्या घराण्यात ती पद्धत नाही. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला बैल कळत नाही की म्हैस कळत नाही. समोरची वस्तू साधारण 18 टक्के उजेड परत फेकणारी, करडी आहे, एवढंच तो धरून चालतो. पांढरं दिसलं की दचकून स्वतःच उजेड कापतो, काळं दिसलं की ओततो. म्हणजे पांढऱ्याला आपण वाढवायचं, काळ्याला कमी करायचं. मी मीटरच्याच चुकीला हातभार लावला होता. रोलवाले तरी शहाणे. लख्ख उन्हात छिद्र एफ-16, रोल 100 चा असला तर शटर 1/100 नाहीतर 1/125, की झालं. तो हिशेब उन्हाचा, त्यात बैलाच्या रंगाचा संबंधच नाही. आणि पडद्यावर भरवसा ठेवू नये, हिस्टोग्रॅम बघावा; आलेख उजव्या भिंतीला जाऊन आपटला की पांढऱ्यातला बारकावा गेला. हे पोत्यात बसून कळण्यासारखं नव्हतं.

ज्ञान झालं, त्याच रात्री पाऊस झाला. बैल काळ्या रानाच्या चिखलात मनसोक्त बसला. सकाळी तो चिखल वाळून अंगभर सारखा राखाडी झालेला. मीटरच्या स्वप्नातला बैल. चकती शून्यावर ठेवली असती तर फोटो अगदी खरा आला असता. पण मी रात्रभर घोकलेलं: पांढऱ्याला वाढवा! दोन स्टॉप वाढवले.

आभाळ पार धुऊन गेलं आणि बैल आदल्या दिवशीपेक्षा स्वच्छ निघाला. मामा खूश. "काल असं काढायला काय झालं होतं बे?" फोटो मोठा करून ओसरीवर लावलाय. त्याच्याखाली बसलेली माणसं मामींना विचारतात, साबण कुठला वापरता?