पोळ्याच्या बैलांना डवरा

संस्कृतिरक्षक उमेदवाराची पार्श्वभूमी आणि धोरणे समजून घेण्यासाठी त्याची भाषणे ऐकण्याची आवश्यकता नसते. त्याच्या परिचयपत्रिकेच्या पहिल्या पानावरील छायाचित्र पुरेसे असते. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवडसारख्या गावात विधानसभेच्या हंगामात अशी पत्रिका घरोघर पोहोचते, आणि तीवर सोयाबीनच्या शेतात झूल पांघरलेली, बाशिंगे बांधलेली बैलजोडी, तिच्यामागे डवरा आणि डवऱ्याच्या रुमण्यावर, म्हणजे दांड्यावर, एक हात ठेवून उरलेल्या एका हाताने मतदारांना नमस्कार करणारा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या पोशाखातील भूमिपुत्र, असा देखावा असतो. एका हाताने नमस्कार कसा होतो, हा प्रश्न येथे गौण मानावा.

डवरा म्हणजे उभ्या पिकाच्या दोन ओळींमधून बैलांकरवी ओढले जाणारे, तण कापणारे व माती भुसभुशीत करणारे अवजार होय. सोयाबीन जूनअखेर किंवा जुलैच्या आरंभी पेरले की डवरणी, म्हणजे या अवजाराने करावयाची मशागत, महिन्या-सव्वा महिन्यात उरकावी लागते, कारण पुढे पीक दाटते, फुलावर येते आणि त्यात अवजार घालणे म्हणजे पिकाची मोडतोड करणे ठरते. पोळा येतो श्रावणी अमावास्येला, साधारणतः ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात. त्या वेळी सोयाबीन शेंगांवर असते. झूल आणि बाशिंग ही पोळ्याची लेणी असल्यामुळे छायाचित्र पोळ्याचे आहे, हे अनुमान अटळ ठरते. आणि पोळ्याचा आद्य नियम असा की त्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवावयाचे नाही. आदल्या दिवशी खांदमळणी होते, म्हणजे वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे हळद-लोण्याने चोळले जातात, बैलांना दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचे रीतसर आवतण दिले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा घास भरवून घरातील थोरमोठे त्यांच्या पाया पडतात. अशा दिवशी परंपरेचा स्वयंघोषित रखवालदार त्याच बैलांना डवरा जुंपतो, तोही शेंगांनी लगडलेल्या पिकात. आवतण देऊन बोलावलेल्या पाहुण्याला पान वाढण्याऐवजी भांडी घासावयास बसवावे, तशी ही संस्कृतिसेवा आहे. डवरताना बैलाने पिकाला तोंड लावू नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसके, म्हणजे दोरीची जाळी, बांधतात. छायाचित्रात ती नाही, कारण तिच्यामुळे बाशिंगाची शोभा जाते. बैल मात्र समोर दिसणाऱ्या शेंगांकडे पाहत आहेत. संपूर्ण पत्रिकेत शेतीकडे लक्ष असलेले तेवढे दोघेच आहेत.

मतदानाच्या तारखांशीही या अवजाराचे जुळत नाही. 2014 साली 15 ऑक्टोबरला, 2019 साली 21 ऑक्टोबरला आणि 2024 साली 20 नोव्हेंबरला राज्याने विधानसभेसाठी मतदान केले. हे दिवस सोंगणीचे, म्हणजे सोयाबीन कापणीचे, गंजी लावण्याचे, मळणीनंतर कुटार, म्हणजे भुसा, साठवण्याचे आणि हरभऱ्यासाठी रान तयार करण्याचे असतात. मते मागणारा तेव्हा डवरा हाती धरून दारात येतो आणि ज्याच्याकडे मागतो तो माल कोणत्या भावाने जाईल या चिंतेत असतो.

छायाचित्राला शपथ लागत नाही, ही त्याची मोठी सोय. नामनिर्देशनपत्रासोबत द्यावयाच्या प्रतिज्ञापत्राला, ज्याला नमुना 26 म्हणतात, ती लागते, आणि त्यात खोटी माहिती दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. त्यात व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती व समाजसेवा’ असे लिहिलेले असते, पत्नीच्या रकान्यात ‘गृहिणी’, आणि काही पाने मागे उलटल्यावर त्याच गृहिणीच्या नावे रस्त्याकडेचे अकृषक भूखंड असतात. स्त्रीचे खरे स्थान घरात, हे धोरण याच पत्रिकेत ठळक अक्षरांत छापलेले असल्यामुळे भूखंड घरबसल्या मिळाले असावेत, असे मानण्यास जागा आहे.

धोरणांची यादी दीर्घ आहे: परंपरेचे रक्षण, कुटुंबव्यवस्थेचे पावित्र्य, मुलींच्या विवाहास आईवडिलांची संमती, गोवंशाचे संवर्धन. सोयाबीनला मात्र ‘बळीराजाला न्याय’ या दोन शब्दांत गुंडाळले जाते. 2024-25 च्या हंगामासाठी त्याचा हमीभाव, म्हणजे शासनाने जाहीर केलेली किमान आधारभूत किंमत, क्विंटलमागे 4,892 रुपये होता आणि बाजारात माल त्याखाली जात होता. उमेदवाराला कायद्याने मान्य असलेली 40 लाखांची खर्चमर्यादा हमीभावाने मोजली तरी 800 क्विंटलांहून अधिक भरते. गोवंशाचे तर विचारूच नये. मार्च 2015 पासून राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी आहे. थकलेल्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे त्यामुळे दुरापास्त झाले, आणि त्याचा चारा ज्याच्या गोठ्यातून जातो त्याचा उल्लेख संवर्धनाच्या परिच्छेदात कोठेही नाही. बैलापुढे हात जोडणे फुकट आहे. कडबा विकत घ्यावा लागतो. जो उमेदवार पोळ्याला बैल भाड्याने आणून छायाचित्र काढतो आणि संध्याकाळी परत पाठवतो, त्याने गोवंशावर शेतकऱ्याला शिकवण द्यावी, यासारखा निर्लज्जपणा नाही.

त्याची स्वतःची जमीन तर बटईने, म्हणजे उत्पन्नाच्या वाट्यावर, दुसराच कोणी कसतो. त्या कसणाऱ्याचे नाव सात-बारावर नसते. 2021 पासून राज्यभर लागू झालेली ई-पीक पाहणी, म्हणजे पिकाची भ्रमणध्वनीवरून करावयाची नोंद, खातेदाराच्या खात्यावर होते. अतिवृष्टीची मदतही बहुधा त्याच खात्यात जमा होते. डवरा खरोखर हाकणारा माणूस कागदावर अस्तित्वात नाही आणि न हाकणारा पत्रिकेवर रंगीत छापलेला आहे.

केनवडच्या मतदाराने ही पत्रिका कुटारात टाकण्यास हरकत नाही; प्रतिज्ञापत्र मात्र वाचावे, ते सर्वांना विनामूल्य पाहता येते. त्यात शेतजमीन वारसाहक्काने आली की खरेदीने, खरेदीने असल्यास कोणत्या तारखेला आणि किती रुपयांना, हे रकाने आहेत. ती तारीख उमेदवाराने पहिले पद मिळवल्याच्या आधीची आहे की नंतरची, एवढेच पाहावे.