नातीचं काडतूस

विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या आधीचा शनिवार उजाडला की पाच लाखांहून अधिक माणसं भडक नारिंगी कपडे घालून रानात शिरतात. हरणांच्या बंदुकीच्या शिकारीचा हा नऊ दिवसांचा हंगाम. कपडे भडक असावेत ही हौस नव्हे, कायदा आहे. २०१६ पासून नारिंगीच्या जोडीला भडक गुलाबीही चालतो. त्या आठवड्यात ऑफिसात मीटिंग ठेवणारा माणूस राज्यात नवा आहे असं समजावं.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या माझ्यासारख्याला शिकार म्हणजे कुणाच्या तरी जुन्या वाड्यात भिंतीवर धूळ खात लटकलेलं सांबराचं शिंग. त्यामुळे शेजारचे आजोबा तळघरात बसून काडतुसं स्वतः भरतात हे कळलं, तेव्हा आधी मी आमच्या दोन घरांमधलं अंतर डोळ्यांनी मोजून घेतलं. मग उत्सुकता वरचढ ठरली. आता मी त्या तळघरातला कायमचा प्रेक्षक आहे. अट एकच: कशाला हात लावायचा नाही आणि आजोबा दारू मोजत असताना बोलायचं नाही. मराठी माणसाला यातली दुसरी अट जड जाते.

तसं काम दिसायला सोपं. झाडून झालेली पितळी पुंगळी प्रेसमध्ये दाबून मूळ मापावर आणायची, बुडाशी ठिणगी देणारा नवा प्रायमर बसवायचा, दारू घालायची, तोंडाशी गोळी बसवायची. प्रेस लाल रंगाचा, इथल्याच हार्टफर्ड गावच्या ली कंपनीचा. दारू आणि गोळी दोन्ही ग्रेनमध्ये मोजतात, आणि या ग्रेनशी आपलं जुनं नातं निघालं. इंग्रजांनी १८३३ साली आपला तोळा कायम केला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे आजोबांच्या थ्री हंड्रेड विनचेस्टर मॅग्नम रायफलीची १८० ग्रेनची गोळी चोख एक तोळ्याची. हे सांगितल्यावर त्यांनी एक गोळी तळहातावर घेऊन तिच्याकडे जरा आदराने पाहिलं. एवढ्या सोन्याला आज काय पडतं, तेही मी सांगून टाकलं. मग ती गोळी त्यांनी डब्यात हलकेच ठेवली.

यंदा मात्र तोळ्याचं काम नव्हतं. बारा वर्षांची नात हंटर एज्युकेशनचा वर्ग पास झाली होती आणि तिला आजोबांबरोबर रानात जायचं होतं. आजोबांची मॅग्नम तिच्या खांद्याला लावली असती तर हरणाआधी तीच आडवी झाली असती. गोळी आणि दारूचा वायू पुढे जितक्या जोराने जातो, तितक्याचा हिशेब मागे खांद्याला चुकवावा लागतो. न्यूटन त्यात वयाची सवलत देत नाही. त्यातही गंमत अशी की मुलांना पेलावी म्हणून रायफल आखूड आणि हलकी घ्यायची, आणि रायफल जितकी हलकी तितका तिचा धक्का जास्त. म्हणजे मुलांच्या सोयीचं म्हणून बाजारात जे मिळतं, तेच त्यांच्या खांद्यावर उठतं.

आणि दुखणं खांद्यापुरतं राहत नाही. एकदा जोराचा दणका बसला की पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, अंग चोरलं जातं आणि नेम भलतीकडे जातो. ही खोड एकदा लागली की जाता जात नाही. इथे तर ती एका जिवावर बेतते, कारण चुकार गोळीने हरीण जखमी होऊन झाडीत निघून जातं. म्हणून मुलांचं काडतूस सौम्य हवं. यात लाड नाहीत. हरणाचीही त्यात सोय आहे.

आजोबांनी निवडलं सेव्हन एमएम-झिरो-एट. १९८० साली रेमिंग्टनने बाजारात आणलेलं हे काडतूस, थ्री-झिरो-एट नावाच्या काडतुसाच्याच पुंगळीची मान आवळून केलेलं. त्यात गोळी १२० ग्रेनची, म्हणजे आपल्या हिशेबात बरोबर आठ मासे. मला वाटलं, आता दारू निम्मी करायची की झालं. आजोबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं आपण पुरणात साखर कमी पडली म्हणून मीठ घालणाऱ्याकडे पाहू.

दारू कमी म्हणजे दणका कमी, हे गणित इथे सरळ चालत नाही. सावकाश जळणारी दारू पुंगळीत फारच थोडी घातली, तर ती नीट पेटत नाही, आणि कधीकधी दाब उतरण्याऐवजी भलताच चढून रायफलच फुटू शकते. उलट भराभर जळणारी दारू चिमूटभर घ्यावी, तर पुंगळी इतकी रिकामी राहते की चुकून दोनदा भरली तरी लक्षात येत नाही. म्हणजे जहाल काडतुसाला वरची मर्यादा असते, तर सौम्य काडतुसाला वरची आणि खालची अशा दोन. यातून वाट काढणारी एक दारू आहे, हॉजडन कंपनीची एच-४८९५. छापील पुस्तकात दिलेल्या कमाल वजनाच्या साठ टक्क्यांपर्यंत ती उतरवायला खुद्द कंपनीचीच मुभा आहे. हिचं घराणं मात्र लष्करी. मूळची ४८९५ अमेरिकन सैन्याच्या थर्टी-ऑट-सिक्स काडतुसांसाठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारकडे पडून राहिलेला साठा ब्रूस हॉजडनने विकत घेतला आणि त्यावर धंदा उभा केला. सैन्याच्या गॅरंड रायफलींचं पोट भरणारीचं नाव लावून तिची वारस आता बारा वर्षांच्या मुलीचा खांदा सांभाळते आहे, ही बढती म्हणावी की निवृत्ती?

एवढ्याने भागत नाही. वेग उतरला की गोळी हरणात शिरून फुलेलच याची खात्री राहत नाही. म्हणून कमी वेगालाही फुलणारी, मऊ नाकाची गोळी शोधावी लागते. मग अंतराला लगाम: शंभर यार्डांपलीकडे नेम धरायचा नाही. दाट झाडीत त्याहून लांबचं दिसतंय कुणाला, म्हणा. कानात बोळे आणि वरून इअरमफ, कारण अंग चोरायला धक्क्याइतकाच आवाजही कारण होतो. आजोबा एकेक काडतूस भरून वहीत नोंद करत होते. स्वतःच्या मॅग्नमसाठी त्यांनी एवढा जीव कधी पाखडला असेल असं वाटत नाही.

त्यांचे मित्र मात्र हसले. शिकारी मंडळींत काडतुसाच्या आकारावरून माणसाची उंची ठरवतात. ‘याने हरीण मरेल की नुसतं दचकेल?’ असं एकाने विचारलं. इथे मला वर्षभर गप्प बसल्याचं फळ मिळालं. मी म्हटलं, कुमाऊँच्या डोंगरांत नरभक्षक वाघांच्या मागे हिंडणाऱ्या जिम कॉर्बेटला १९०७ साली चंपावतची वाघीण मारल्याबद्दल जी रायफल भेट मिळाली, ती टू-सेव्हन्टी-फाइव्ह रिग्बी. तिचं काडतूस म्हणजे सेव्हन बाय फिफ्टी-सेव्हन माउझरच, फक्त इंग्रजी नावाने, आणि ताकदीने या झिरो-एटच्या अगदी पाठोपाठचं. पुढच्या कितीतरी शिकारींत त्यांनी तीच वापरली. मित्र गप्प झाले. आजोबांनी मला कॉफी दिली, तीही न मागता.

रेंजवर नातीची खोड तपासायला त्यांनी जुनी युक्ती काढली. खऱ्या काडतुसांत मधेच एक खोटं, दारू-प्रायमर नसलेलं काडतूस गुपचूप घालायचं. चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ वाजतं आणि नळी जागची हलली की चोरी उघडी पडते. नातीची नळी जागची हलली नाही. मग तिने आजोबांची मॅग्नम त्यांच्या नकळत तशीच भरून दिली. ‘टक्’ झालं, आणि आजोबांचा खांदा असा उडाला की त्यांची टोपी डोळ्यांवर आली. पन्नास वर्षं ते जिला आपली सवय समजत होते, तिला नातीने एका झटक्यात भीती ठरवलं. वर हसून सांगितलं, ‘आजोबा, तुम्ही डोळेही मिटता.’

पुढच्या आठवड्यात त्यांनी झिरो-एटचीच आणखी एक रायफल आणली, पूर्ण लांबीच्या दस्त्याची. पोर भराभर वाढतेय, दोन-चार वर्षांत लागेलच, असं त्यांनी घरी सांगितलं. तोवर ती नुसती पडून गंजू नये म्हणून ते स्वतः वापरणार आहेत. तळघरात आता सौम्य काडतुसांचे दोन डबे आहेत. एकावर नातीचं नाव आहे. दुसऱ्यावर ‘उरलेली’ असं लिहिलंय, आणि तो डबा पहिल्याच्या दुप्पट मोठा आहे.