निवांत सुट्टी: साहित्य आणि कृती

आखातात राहणाऱ्या मराठी कुटुंबाने वर्षातून एकदा तरी निवांत सुट्टी घ्यावी, असा संकेत आहे. निवांत म्हणजे समुद्रकाठी. आता दुबईत समुद्र घरापासून वीस मिनिटांवर असतो, पण तो रोजचा. ऑफिसला जाताना गाडीतून दिसतो, म्हणून तो धरत नाहीत. सुट्टीचा समुद्र परदेशातला हवा. त्यासाठी सगळ्यात जवळचा परदेश म्हणजे ओमान, आणि ओमानचा सोयीचा तुकडा म्हणजे मुसंदम. हा तुकडा बाकीच्या ओमानपासून सुटा पडलेला आहे, मधे अमिरातीचा मुलूख येतो. टोकाला होर्मुझची सामुद्रधुनी, पलीकडे इराण. आपण उतरणार ते गाव खसब, दुबईपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास. नवशिक्यांनी इथूनच सुरुवात करावी. साडेचारशे किलोमीटरवरचं मस्कत ही वरची इयत्ता झाली.

साहित्य: सात आसनी गाडी एक. माणसं सात नसली तरी चालेल, सामान असतं. गाडीची मुल्किया, म्हणजे नोंदणीचं कार्ड. गाडी कंपनीच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर त्यांचं एनओसी. ओमानात चालणारा विमा. तो आपल्या पॉलिसीत आहेच असं प्रत्येकाला वाटत असतं, तेव्हा कागद काढून वाचावा. पासपोर्ट, ओमानचा व्हिसा. थेपले, चकल्या, लोणचं, सुकी चटणी अंदाजाने. म्हणजे हॉटेलात नाश्ता फुकट असला तरी तिप्पट. राइस कुकर (हॉटेलवाल्यांना न सांगता). आणि भारतातून आलेले आजी-आजोबा, एक जोडी.

या शेवटच्या जिन्नसाबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांची कृती इथेच फसते. आजी-आजोबा अमिरातीत येतात ते व्हिजिट व्हिसावर, आणि तो व्हिसा बहुधा एकाच प्रवेशाचा काढलेला असतो, कारण स्वस्त पडतो. असा व्हिसा घेऊन एकदा सीमा ओलांडली की तो संपला, परत येता येत नाही. म्हणून व्हिसा अनेक प्रवेशांचा घ्यावा आणि तो घेताना आजोबांना किंमत सांगू नये. सांगितलीत तर ते म्हणतील, “तुम्ही जा रे, आम्ही घरीच बरे.” त्यावर आजी काहीच म्हणणार नाहीत. ते जास्त महाग पडतं.

कृती: नोव्हेंबर ते मार्चमधला एखादा शनिवार-रविवार धरावा. उन्हाळ्यात हा प्रयोग करू नये, कातळ तापून भट्टी होते. पहाटे पाचला निघायचं ठरवावं म्हणजे सातला निघता येतं. थ्री-इलेव्हन रस्त्याने रास अल खैमा गाठावं, ते मागे टाकून अल दाराच्या चौकीवर यावं. अमिरातीतून बाहेर पडण्याचं शुल्क भरावं, मग ओमानच्या बाजूला तिबातला पुन्हा रांगेत उभं राहावं. सगळे पासपोर्ट एकाच्याच हातात द्यावेत. तो एक म्हणजे आपण नव्हे, बायको. कस्टमवाल्याने डिकी उघडायला सांगितली तर उघडावी. वरचा डबा बघून त्याने काय आहे विचारलं तर “फूड” म्हणावं. त्याखालच्या डब्याबद्दल विचारलं तरी तेच म्हणावं. साधारण चौथ्या डब्याला तो हात हलवून पुढे जायला सांगतो.

इथून खसबपर्यंतचा रस्ता मात्र घाई न करता, खिडक्या उघड्या ठेवून करावा. एका बाजूला करडा, उघडाबोडका डोंगर सरळ पाण्यात उतरलेला, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि या दोघांत माणसाने कशीबशी मिळवलेली डांबराची पट्टी. झाड म्हणून नाही. आजी देवगडच्या असतील तर म्हणतील, “समुद्र आहे पण माड कुठेत?” यावर वाद घालू नये.

खसबला पोचल्यावर किल्ला दिसेल. तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगिजांनी बांधला. आजोबांना हे कळू देऊ नये असं मी सुचवणार होतो, पण पाटीवर लिहिलेलंच असतं. ओमानी अरबांनी पोर्तुगिजांना मस्कतमधून हाकललं १६५० मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ मध्ये. “म्हणजे आपल्या आधी एकोणनव्वद वर्षं,” असं आजोबा तोंडी हिशेब करून सांगतात आणि तिकीट देणाऱ्या माणसाचं मराठीत अभिनंदन करतात. हिशेबाला त्यांना आणखीही खाद्य आहे. ओमानी रियाल म्हणजे साडेनऊ दिरहमांच्या वर, आणि एका रियालात बैसे हजार. १९७० पर्यंत इथे आपल्या रिझर्व्ह बँकेने काढलेला आखाती रुपया चालायचा, हे आजोबांना सांगितलंत तर पाण्याच्या बाटलीची किंमत त्यांना थोडी कमी टोचते.

आता मुख्य पदार्थ, म्हणजे ढाऊ. ही लाकडी नाव. डेकवर गालिचे अंथरून कडेने गाद्या-लोड लावलेले असतात, लग्नाची बोलणी करायला बसावं तशी बैठक. चपला बाहेर काढायच्या. कावा, खजूर, फळं फिरत राहतात. नाव खोर शामच्या खाडीत शिरते, दोन्ही बाजूंना डोंगराच्या भिंती, आणि पाच-सात घरांची गावं पाण्याला टेकलेली. या गावांना रस्ता नाही. माणसं, किराणा, प्यायचं पाणी, सगळं होडीनेच येतं.

डॉल्फिन दिसले की खलाशी शिट्ट्या मारतो, टाळ्या वाजवतो, आणि ते खरंच नावेला लागून पोहू लागतात. नवशिक्यांसाठी नियम असा: डॉल्फिन नेहमी पलीकडच्या बाजूला असतो. सगळ्यांनी तिकडे धावावं, म्हणजे तो अलीकडे येतो. मोबाइलवर जे चित्रण होतं त्यात पाणी, अंगठा आणि “आजी, ते बघ, ते बघ” एवढंच असतं. ते घरच्या ग्रुपवर टाकावं. सगळे छान म्हणतात.

पुढे टेलिग्राफ बेट लागतं. १८६४ साली कराचीपासून इराकमधल्या फावपर्यंत समुद्राच्या तळाने तार टाकली गेली, हिंदुस्थान आणि लंडन जोडण्यासाठी, तेव्हा इंग्रजांनी या खडकावर तारघर बांधलं आणि काही वर्षांतच गाशा गुंडाळला. आता जोती उरली आहेत. इथे पाण्यात उतरता येतं. पट्टेवाले मासे पायांशी येतात, मुलं हरखतात, आणि वरून आजोबा विचारतात, “हे खातात का?” याच बेटाशी मोठ्या मुलाची रेंज जाते. ऐन आखातात, एका खडकावर, जगाशी संपर्क तुटलेला. त्या काळच्या तारबाबूंचं दुःख त्याला पुस्तकाशिवाय समजतं.

संकष्टीबद्दल एक सूचना. तुम्ही कोणताही शनिवार निवडा, संकष्टी त्याच दिवशी येते. साबुदाणा भिजवून आणलेला असतोच, खिचडी राइस कुकरमध्ये बाथरूमचा पंखा लावून करावी, कारण फोडणीचा धूर खोलीतल्या अलार्मला आवडत नाही. खरी अडचण चंद्रोदयाची. कालनिर्णयात आपल्याकडच्या गावांच्या वेळा असतात, खसबची नसते. मग फोनवर शोधावं लागतं. पण फोनने मधेच इराणचं नेटवर्क पकडलं तर घड्याळ अर्धा तास मागे जातं, कारण इराणची वेळ इथल्यापेक्षा तेवढी मागे आहे. म्हणजे सुनेच्या फोनप्रमाणे चंद्र उगवून गेलेला, मुलाच्या फोनप्रमाणे अजून वेळ आहे, आणि प्रत्यक्षात समोर चांगला हजार मीटरचा डोंगर. उगवलेला चंद्र त्याच्या डोक्यावर यायला आणखी पाऊण तास घेतो. तोवर सगळ्यांनी हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभं राहावं. “आई, तुम्ही खाऊन घ्या, उगवलाय तो, फक्त दिसत नाहीये,” असं म्हणून बघायला हरकत नाही. “दिसल्याशिवाय कसं गं?” हे उत्तर ठरलेलं आहे. रखवालदार केरळचा असेल तर खुर्ची आणून देतो.

किनाऱ्यावर निवांत पडून राहणे हा भागही या सुट्टीत आहे. त्याला रविवारी सकाळी वीसेक मिनिटं मिळतात. त्यातली दहा चटई वाऱ्याने उडू नये म्हणून दगड शोधण्यात जातात.

टीप: ओमानी हलवा जरूर घ्यावा. केशर, वेलदोडा, गुलाबपाणी आणि तुपाने चमकणारा, चमच्याने खायचा. एक डबा घरी न्यायला आणि एक परतीच्या रांगेसाठी. ओमानची सुट्टी शुक्रवार-शनिवार, अमिरातीची शनिवार-रविवार, त्यामुळे रविवारी दुपारनंतर चौकीवर सगळी दुबईच उभी असते. बारालाच निघावं. आजोबांना किल्ला पुन्हा बघायचा असल्यामुळे तीन वाजतात, तेव्हा त्यांच्या बीपीच्या गोळ्या डिकीतल्या बॅगेत नव्हे, पुढच्या कप्प्यात ठेवाव्यात, आणि हलव्याचा पहिला डबा आजींच्या मांडीवर, झाकण सैल करून.